मिसूरीकाठचे चेहरे

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये जायला तिकीट लागत नाही. जॉर्ज कॅटलिनने रंगवलेले अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे शेकडो चेहरे या संग्रहालयाने जपले आहेत.

कॅटलिन वकिली सोडून चित्रकार झाला. १८३० ते १८३६ या काळात पश्चिमेकडे पाच सफरी करून तो सुमारे पन्नास जमातींना भेटला. १८३२ मध्ये मिसूरी नदीकाठी मंडन लोकांच्या गावात त्याने मातोतोपा, म्हणजे ‘चार अस्वले’, या सरदाराचे चित्र काढले. हातात भाला, डोक्यावर शिंगे आणि पाठीवर रुळणारा गरुडपिसांचा शिरपेच. उभे राहण्यात केवढा रुबाब!

पाचच वर्षांनी आगबोटीतून देवीची साथ आली. काही महिन्यांत बहुतेक मंडन दगावले, मातोतोपाही गेला.

कॅटलिनने लंडन-पॅरिसमध्ये प्रदर्शने भरवली, पण अमेरिकन काँग्रेसने चित्रे विकत घेतली नाहीत. १८५२ मध्ये कर्जापायी संग्रह त्याच्या हातून गेला. फिलाडेल्फियाच्या एका बॉयलर कारखान्यात तो पडून राहिला. १८७९ मध्ये, कॅटलिनच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, तो स्मिथसोनियनला मिळाला.

हे लोक नामशेष होणार, असे कॅटलिनला वाटे. तसे झाले नाही. मंडन आजही हिदात्सा व अरिकारा यांच्यासह नॉर्थ डकोटात, फोर्ट बर्थोल्ड येथे राहतात. तिथे मिसूरीवर एक पूल आहे. त्याचे नाव ‘फोर बेअर्स’, म्हणजेच चार अस्वले. चित्र पाहून परतणाऱ्याने हा पूलही ध्यानात ठेवावा.