वाणसामानाची यादी

घरांत काय शिजावें हें चुलीपाशीं ठरतें, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक तें वाण्याची यादी लिहितांनाच ठरून गेलेलें असतें. जी वस्तु यादींत आली ती घरांत आली, आणि जी घरांत आली ती आज ना उद्यां पोटांत जाणारच. म्हणून या साध्या यादीविषयीं आमच्या विद्यार्थी वाचकांस चार शब्द सांगावे, असें मनांत आहे.

गतवर्षीं आमच्या मातोश्रींचा रक्तदाब वाढल्याचें आढळून आलें. डॉक्टरांनीं औषध दिलें आणि मीठ कमी करण्यास सांगितलें. ऐकावयास हें सोपें. परंतु आमचें स्वयंपाकघर गेलीं चाळीस वर्षें मातोश्रींच्या ताब्यांत आहे. मिठाची बरणी त्यांच्या हातून काढून घेणें म्हणजे त्यांचें राज्यच काढून घेण्यासारखें होतें. दुखण्यापेक्षां त्या गोष्टीनेंच त्या अधिक खचल्या असत्या. तेव्हां हुकूम न सोडतां सर्वांनीं मिळून हिशेब मांडावा, असें आम्हीं उभयतांनीं ठरविलें.

हिशेबास आधार पाहिजे. मोठ्या माणसानें दिवसास 5 ग्रॅमहून कमी मीठ खावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें 2024 सालीं आहाराचीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. त्यांत 2000 कॅलरींच्या आहारास रोज भाज्या 400 ग्रॅम, फळें 100 ग्रॅम, धान्यें 250 ग्रॅम आणि तेल-तूप 27 ग्रॅम असें प्रमाण दिलें आहे. आमच्या घरीं माणसें पांच. आमच्या कन्येनें गुणाकार केला: मीठ महिन्यास फार तर 750 ग्रॅम, तेल-तूप सुमारें 4 किलो, आणि भाजी रोज 2 किलो, म्हणजे आठवड्यास 14 किलो! आंकडा ऐकून मातोश्री म्हणाल्या, "अरे, एवढी भाजी वाहून आणणार कोण?" प्रश्न रास्त होता. उत्तरादाखल पिशवी आम्हांसच उचलावी लागली.

बुधवारीं गोदाकाठचा बाजार आणि शनिवारीं भद्रकालीची भाजी मंडई, अशा दोन फेऱ्या ठरल्या. पालेभाजी लवकर नासते, म्हणून ती थोडी व ताजी घ्यावी आणि आधीं संपवावी. भोपळा, गाजर, कोबी टिकतात, त्यांस मागले दिवस नेमून द्यावे. ज्या ऋतूंत जें पिकतें तें घ्यावें; बहुधा तेंच स्वस्त असतें. बाजारास उपाशी पोटीं मात्र जाऊं नये. भुकेला मनुष्य यादी विसरून शेव-चिवडा घेऊन येतो.

यादींत नागली आली ती मातोश्रींच्या सांगण्यावरून. त्यांचें माहेर पेठ तालुक्यांतलें. पेठ, सुरगाणा या डोंगराळ भागांत नागली पूर्वींपासून पिकते. संयुक्त राष्ट्रसंघानें 2023 हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून पाळलें, तेव्हां शहरांतही तिची चौकशी होऊं लागली. समान वजनाच्या दुधापेक्षां नागलींत सुमारें तिप्पट कॅल्शियम असतें. तिच्यांतील खडे कसे काढावे व भाकरीचें पीठ उकड काढून कसें मळावें, हें सुनेस व नातीस शिकवितांना मातोश्रींचा उत्साह पाहण्यासारखा होता.

वाण्याच्या दुकानांत वाचनाचाही उपयोग होतो. पाकिटावर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावे, असा नियम आहे. पुढील बाजूस मोठ्या अक्षरांत 'नागली' छापलेलें एक बिस्किटांचें पाकीट कन्येनें उलटून पाहिलें, तों पहिलें नांव मैद्याचें, दुसरें साखरेचें! तें तिनें मुकाट्यानें फळीवर परत ठेवलें.

मिठाचा कारभार मात्र मातोश्रींकडेच राहिला. लोणचें, पापड व बाहेरचें खाणें यांतील मिठासाठीं 250 ग्रॅम वजा करून उरलेलें 500 ग्रॅम मीठ दर महिन्याच्या पहिल्या तारखेस त्या स्वतः तोलून बरणींत भरतात. चवीची उणीव लिंबू, लसूण, कोथिंबीर यांनीं भरून काढतात. गेल्या तीन महिन्यांत बरणी एकदांही अपुरी पडली नाहीं. औषध चालूच आहे व चालूच राहील. परंतु पथ्य त्यांच्यावर कोणीं लादलेलें नाहीं, तें त्यांचें त्या चालवितात. नाताळाच्या करंज्यांसही त्यांनीं यादींत जागा राखून ठेविली आहे.

विद्यार्थीहो, तुमच्याही घरीं महिन्याची यादी होत असेलच. या खेपेस ती लिहावयास तुम्ही बसा. माणसें मोजा, गुणाकार करा, वडील मंडळींस विचारा. आणि मग पिशवी उचलावयासही मागें राहूं नका.