पाहुणे कापसाचे

चहापार्टीचं आमंत्रण मी मुलांना देत नाही. ते जातं त्यांच्या सशाला, अस्वलाला, एक डोळा गेलेल्या हत्तीला. कार्डाच्या तुकड्यावर एवढाच मजकूर: 'श्री. ससेराव यांस स. न. रविवारी चार वाजता चहाला यावे. येताना आपल्या माणसाला घेऊन यावे.' आई घरी हे वाचून दाखवते आणि चार वर्षांच्या मुलाची तिथल्या तिथे बढती होते. एरवी लग्न असो की बारसं, मोठ्यांच्या मागून फरपटत जाणं त्याच्या नशिबी असतं. इथे पाहुण्याला वेळेवर आणायची जबाबदारी त्याची.

बालवाडीत अशा पार्ट्या मी कैक वर्षं करते आहे. गुलाबी टेबलक्लॉथ, फुगे, फोटो यांतलं काहीही लागत नाही. खेळणी पाहुणे, मुलं यजमान आणि मोठं माणूस पंगतीतला वाढपी, ही वाटणी सांभाळली की पार्टी जमते. वाढप्याने पंगतीत बसायचं नसतं आणि 'जेवण कसं झालंय?' असंही विचारत फिरायचं नसतं.

भांड्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. तुळशीबागेतली पितळी भातुकली मला अतिशय प्रिय आहे. तो बंब, ते जातं, ती बोटभर सांडशी! पण चहापार्टीला मी ती काढत नाही. तिच्यातून धार नीट पडत नाही आणि या खेळाची निम्मी गंमत ओतण्यातच आहे. चोच असलेलं स्टीलचं छोटं भांडं अर्धं भरून द्यावं. पेले लहान आणि जड बुडाचे असावेत. खाली जुनी चादर आणि हाताशी पोछा. सांडलं तर ज्याचं त्याने पुसावं, त्यावर भाषण नको.

मारिया मॉन्टेसोरीबाईंनी १९०७ साली रोमच्या सॅन लोरेंझो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. तिथे भारी खेळणीही ठेवलेली होती, पण मुलं त्यांना हात लावेनात. बाईंनी स्वतः बसून बाहुलीची भांडी कशी हाताळायची, चिमुकली चूल कशी पेटवायची ते दाखवलं, शेजारी सुंदर बाहुली मांडली. मुलं क्षणभर रमली आणि उठून आपापल्या कामाला निघून गेली. खऱ्या कामापुढे मुलांना खेळणी दुय्यम वाटतात, असा निष्कर्ष बाईंनी काढला. मी त्यांच्या पद्धतीतच वाढले, पण इथे मला वाद घालावासा वाटतो. ती बाहुली मुलांची नव्हती. तिला कुणी रात्री कुशीत घेतलं नव्हतं, तापात उशाशी ठेवलं नव्हतं. शिवाय भांडी कशी वापरायची हे बाईच दाखवत होत्या, म्हणजे वाढपी पाटावर बसला होता.

म्हणून मी दोन्ही ठेवते. मुलांच्या पेल्यात खरं, प्राण्यांच्या पेल्यात खोटं. मुलांसाठी गवती चहाची पात उकळलेलं, गूळ घातलेलं कोमट दूध असतं. चहाची पावडर नाही. प्राण्यांच्या पेल्यात रिकाम्या किटलीतून हवा ओततात आणि ती ओतताना मुलं खऱ्या दुधापेक्षा जास्त काळजी घेतात. मूल यात गोंधळत नाही का, असं पालक विचारतात. अ‍ॅलन लेस्ली या मानसशास्त्रज्ञाने नेमकी अशीच लुटुपुटीची चहापार्टी मांडून पाहिली. दोन कप खोट्या चहाने 'भरायचे', त्यातला एक उलटा करून पुन्हा जागेवर ठेवायचा आणि विचारायचं, रिकामा कोणता? खरं तर दोन्ही कोरडेच. तरी दोन वर्षांची मुलं उलटा केलेलाच कप दाखवतात. खोट्या चहाचा हिशेब त्यांच्याकडे चोख असतो. अर्थात त्याहून लहान मुलं रिकामा पेला स्वतःच्याच तोंडाला लावतात, मग हळूहळू बाहुलीला पाजू लागतात. 'बाहुलीला नकोय' हे त्याच्याही नंतरचं. त्यामुळे तिशीतल्या आईबाबांना कितीही हौस असली तरी अडीच-तीन वर्षांच्या आत ही पार्टी करू नये.

खाण्याचं मात्र खोटं नको आणि त्यात धोकाही नको. राजगिऱ्याचा लाडू हाताने चुरून, केळ्याच्या चकत्या, मऊ नानकटाई. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करायच्या. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांच्या आतल्या मुलांपुढे ठेवायचेच नाहीत, ते श्वासनलिकेत अडकतात. कुणाला दूध, गहू किंवा दाणे चालत नाहीत, ते आधी विचारून घ्यावं.

सगळ्यांकडे टेडी असतोच असं नाही. एक मुलगा ओढणीत गुंडाळलेली उशी घेऊन आला. तिचं नाव होतं काकू. काकूंना मानाची जागा मिळाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी भोवताली मिळेल त्यातून खेळ उभा केला. त्यांची ती दृष्टी मला इथे उपयोगी पडते. जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून, दोन बटणं शिवून केलेले तीन-चार प्राणी माझ्या पिशवीत असतात. रिकाम्या हाताने आलेल्या मुलाला मी म्हणते, "हे लांबून एकटेच आलेत रे, यांच्याकडे जरा बघशील?" आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

बोलताना मी प्राण्यांशी बोलते. कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलीला "बाळ, नाव काय तुझं?" विचारलं तर मान आणखी खाली जाते. "वाघोबा, साखर किती घालू?" असं विचारलं की थोड्या वेळाने उत्तर येतं, "त्याला साखर नको, ताई. त्याला इंजेक्शन दिलंय."

"दुखलं का हो वाघोबा?"

"रडला नाही तो. थोडाच रडला."

एवढ्यावर थांबावं. वाघाच्या तोंडून घरातल्या गोष्टी काढून घेऊ नयेत. 'वाघोबा, घरी कोण ओरडतं?' हा प्रश्न खेळातला नाही, चौकशीचा आहे. एकदा असं विचारलं की मूल पुढच्या वेळी वाघाला घरीच ठेवून येतं.

आईबाबांना मी बाहेर बसवते. 'थँक्यू म्हण', 'काकूंना दे आधी', 'इकडे बघ, फोटो' या तीन वाक्यांनी चांगल्या चांगल्या पार्ट्या मोडतात. पाऊण तास पुरतो. शेवटी बादलीत पेले विसळायला सगळी धावतात. मॉन्टेसोरीबाई खूश झाल्या असत्या त्या या भागावर. प्राण्यांचे कोरडे पेलेही तितक्याच जोराने घासले जातात.

घरी करून पाहणार असाल तर चार पेले, एक चोचीचं भांडं आणि जुनी चादर एवढ्यावर सुरुवात होते. फक्त किटली तुमच्या हातात ठेवू नका. आणि काही झालं तरी अस्वलाला खरं दूध पाजू देऊ नका. आतला कापूस लवकर वाळत नाही, त्याला आंबूस वास धरतो, आणि तोवर रात्री त्याच्याशिवाय झोपायला घरात कुणी तयार नसतं.