शिट्टीच्या आधीचे दहा सेकंद

कोल्हापूर

चि. सोनू,



तू पाठवलेला तुझ्या पिल्लूचा व्हिडिओ काल चार वेळा पाहिला. ५० मीटर फ्रीस्टाइल, ४८ सेकंद. नऊ वर्षांच्या पोरीला वाईट नाही. "मावशी, अजून कुठे सेकंद वाचतील?" असं विचारलंस. खरं सांगू? पोहणं मी एकदाच पाहिलं. बाकी तीन वेळा पाहिले ते शिट्टीच्या आधीचे दहा सेकंद. पिल्लू ब्लॉकमागे उभी आहे: खांदे पुढे ओघळलेले, मान कासवासारखी बाहेर आलेली, कंबर आत आणि पोट पुढे.

सगळा दोष पोहण्याचा नाही. दप्तर आहे, मोबाइल आहे. पण पोहण्याची त्यात भर पडते. २५ मीटरच्या तलावात रोज ६० फेऱ्या म्हणतेस. फेरीला बावीस हात धरले तरी तेराशेवर झाले, म्हणजे एकेका खांद्याला साडेसहाशे. पाणी मागे ओढायचं काम छातीचे आणि काखेखालून पाठीकडे जाणारे मोठे स्नायू करतात, ते रोज तालीम करून बळकट होतात. खांद्याची पाती मागे धरून ठेवणारे स्नायू मात्र मागे पडतात. मग खांदा पुढे ओढला जातो आणि हात डोक्यावर गेला की आत दाटी होते. आज दुखणार नाही. उंची भराभर वाढायला लागेल, तेव्हा कुरकुर सुरू होईल.

एक कर. तिला भिंतीला टेकवून उभी कर. टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे, बसायची जागा, पाठ आणि डोकं भिंतीला. आता दोन्ही हात सरळ वर न्यायला सांग. अंगठे भिंतीला लागतायत का? की लागावेत म्हणून कंबर भिंतीपासून कमानीसारखी सुटते? सुटत असेल तर तुझ्या सेकंदांचं उत्तर तिथेच आहे. सूर मारल्यावर शरीर बाणासारखं जायला हवं. तिची कंबर वाकते, पोट खाली लोंबतं, पाय बुडतात आणि पाणी अडवतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. हात जोरात मारून तो हटत नाही गं.

दुसरी गोष्ट हाडांची. मानेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर अंगाच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून तर तिथे इतकं सुख वाटतं! पण हाडं भक्कम व्हायला आदळआपट लागते: दोरीउड्या, लंगडी, झाडावर चढणं. आम्ही रंकाळा तलावात पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, पण तिथपर्यंत पळत जायचो आणि पळतच परत यायचो. तू तिला गाडीवरून सोडतेस, गाडीवरून आणतेस. आठवड्यातले दोन दिवस तलाव बंद ठेव आणि तिला खेळू दे. घरी सूर्यनमस्कार, पालथं झोपून छाती अन् हात उचलणं, दाराच्या कडीला रबरी पट्टा अडकवून कोपरं मागे ओढणं. दहा मिनिटं पुरेत, वजनं नकोत.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. २००८ मध्ये आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे १६ वर्षांचा असताना बीजिंग ऑलिंपिकला पोहायला उतरला, आणि इथल्या प्रत्येक आईबापाला घरात वीरधवल दिसायला लागला. मलाही दिसला. मी शिकवत होते त्या दहा वर्षांच्या एका मुलाच्या हातात मी पॅडल्स दिले, पाणी जास्त ओढायला तळहाताला बांधतात ते. महिनाभरात वेळ सुधारली, मी पेढे खाल्ले. वर्षभरात त्याचा उजवा खांदा इतका दुखायला लागला की त्याला सदरा चढवता येईना. त्याने पोहणं सोडलं. अजून बाजारात भेटतो, वाकून नमस्कार करतो, आणि माझं लक्ष त्याच्या खांद्याकडेच जातं.

तुमच्या सरांशी भांडू नकोस. 'जमिनीवरचा व्यायाम कधी घेता?' एवढंच विचार. आणि ती श्वास एकाच बाजूला घेते, दोन्ही बाजूंनी घ्यायला लावा म्हणावं.

पुढचा व्हिडिओ भिंतीपाशी उभ्या पिल्लूचा पाठव. बाजूने काढ. पोट आत ओढून फसवायला बघेल, तेव्हा आधी तिला हसव.

तुझी,
मावशी

ता. क. तू पॅडल्स मागवलेत असं ताई म्हणाली. माळ्यावर टाक.