बैलाची किंमत

किपलिंगच्या 'द जंगल बुक'वर चित्रपट करायचं ठरलं, तेव्हा वॉल्ट डिस्नेने आपल्या लेखक-चित्रकारांना पहिली ताकीद दिली ती पुस्तक न वाचण्याची. स्टुडिओतल्या माणसांनीच हा किस्सा नंतर आवडीने सांगितला. त्याआधी बिल पीट या त्यांच्या मुरब्बी कथाकाराने किपलिंगच्या वळणाचा, बराच काळोखा आराखडा तयार केला होता. वॉल्टला तो पसंत पडला नाही. दोघांचं बिनसलं आणि १९६४ साली पीट स्टुडिओ सोडून गेला. पुस्तकं वाचून वाढलेल्या माणसाला ही ताकीद झोंबते. मात्र भाचीच्या निमित्ताने १९६७चा चित्रपट आणि किपलिंगचं पुस्तक लागोपाठ पुन्हा हातात आलं, आणि वॉल्टला नेमकं काय नको होतं ते ध्यानात आलं. त्याला देण्याघेण्याचा हिशेब नको होता.

किपलिंगचं जंगल हिशेबावर चालतं. माणसाचं पोर कळपात घ्यायचं की नाही यावर लांडग्यांची सभा भरते. पोराच्या बाजूने आईबापांखेरीज दोघांनी बोलायला हवं, असा कायदा. बालू अस्वल बोलतो, कारण पिल्लांना कायदा शिकवणारा गुरुजी म्हणून त्याला सभेत जागा आहे. दुसरं कोणी पुढे येत नाही. मग बगीरा हा काळा बिबट्या, ज्याला सभेत बोलायचा हक्कच नाही, तो कायद्यातलीच एक वाट काढतो: पिल्लाचा जीव विकत घेता येतो. तो नुकताच मारलेला एक धष्टपुष्ट बैल कळपाला देऊ करतो. लांडगे बैलाकडे धावतात आणि मोगली त्यांचा होतो. इतका रोखठोक व्यवहार. पुढे 'द सेकंड जंगल बुक'च्या शेवटच्या कथेत, १८९५ साली, सतरा वर्षांचा होत आलेला मोगली जंगल सोडायला निघतो, तेव्हा बगीरा दुसरा बैल मारून येतो. पहिल्या बैलाचं देणं फिटलं, आता तू मोकळा. मुलांच्या पुस्तकात निरोपाची इतकी कोरडी आणि म्हणूनच इतकी पोटात तुटणारी तऱ्हा मी दुसरीकडे वाचलेली नाही.

याच बगीराचं एक गुपित आहे. एका दुपारी तो मोगलीला आपल्या हनुवटीखाली हात लावून पाहायला सांगतो. रेशमासारख्या काळ्या केसांखाली, जबड्याजवळ, एक छोटासा केस गेलेला चट्टा हाताला लागतो. तो गळपट्ट्याचा वण आहे. बगीरा जन्मला तो उदेपूरच्या राजवाड्यातल्या पिंजऱ्यात, त्याची आई तिथेच मेली, आणि एका रात्री तो कुलूप तोडून निघाला. जंगलात हे कोणालाही ठाऊक नाही. माणसांचं पोर माणसांकडे परत जाणार हे त्याला पहिल्यापासून कळतं ते या चट्ट्यामुळे. भाचीने हा प्रसंग ऐकताना स्वतःच्या हनुवटीखाली बोट फिरवून पाहिलं.

चित्रपटातल्या बगीराला वण नाही. त्याला टोपलीत मूल सापडतं, तो ते लांडग्यांच्या गुहेपाशी नेऊन ठेवतो, लांडगीण ते उचलते. घ्यायचं की नाही यावर सभा नाही, बैल नाही. अग्नीचंही तसंच. पुस्तकात मोगली गावातल्या एका पोराच्या हातून निखाऱ्यांचं मडकं पळवून आणतो आणि दिवसभर काटक्या-पानं घालून ते धगधगत ठेवतो. चित्रपटात वीज पडते, झाड पेटतं, फांदी आयती हाती येते. आणि बालू! किपलिंगचा बालू म्हणजे जुन्या शाळेतला छडीवाला मास्तर. कायदा पाठ झाला नाही की चापट्या देतो, इतक्या की पोराच्या अंगावरचे काळेनिळे डाग पाहून बगीरा त्याच्याशी हुज्जत घालतो. डिस्नेचा बालू पाठ खाजवत, केळी-मुंग्या खात, जगायला लागतं ते आपसूक मिळतं असं गात हिंडतो. या एका गाण्यात चित्रपटाने पुस्तकाचा सगळा जमाखर्च फाडून टाकला आहे. पुस्तकात फुकट काहीच नसतं. अगदी माकडांच्या तावडीतून सुटून आल्यावरसुद्धा मोगलीला आधी ठरलेला मार खावा लागतो. मार संपला की विषय संपला, पुन्हा कोणी उकरून काढायचा नाही, हाही कायदाच.

तरी चित्रपट मला आवडतो, आणि हे मी दबक्या आवाजात सांगणार नाही. फिल हॅरिसचा ढगळ, पोटातून येणारा आवाज आणि बालूची ती ढुंगण हलवत चालण्याची लकब एकमेकांसाठीच घडल्यासारखी आहे. मिल्ट काहलने काढलेला वाघ, शेरखान, चालताना खांद्याची हाडं कातडीखाली सरकतात. जॉर्ज सँडर्सच्या कंटाळलेल्या खानदानी आवाजामुळे त्याला डरकाळी फोडायची फारशी गरजच पडत नाही. त्या काळात चित्रकारांच्या पेन्सिलरेषा झेरॉक्सच्या तंत्राने थेट पारदर्शक पट्ट्यांवर उतरवत, त्यामुळे रेषांना एक खरबरीतपणा आहे. आजच्या गुळगुळीत पडद्याला सरावलेल्या डोळ्यांना तो फार बरा वाटतो. वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६मध्ये गेला. दहा महिन्यांनी लागलेला हा चित्रपट त्याला पूर्ण झालेला पाहता आला नाही.

चित्रपटाने खरं काय गमावलं, तर गाव. पुस्तकात मोगली गावात राहायला जातो. मेस्सुआ नावाची बाई, वाघाने नेलेला आपला मुलगा हाच असेल या आशेने, त्याला दूध-भाकरी देते. तो म्हशी राखतो. मग ती घळ येते: एका तोंडाशी म्हशी आणि रेडकं, दुसऱ्या तोंडाकडून रामा नावाच्या रेड्यावर बसून मोगली रेड्यांचा लोंढा खाली हाकतो, आणि डुक्कर खाऊन, पाणी पिऊन जड झालेला लंगडा शेरखान मधे सापडतो. वाघ गुरांच्या पायाखाली मरतो. गावाला शौर्य दिसत नाही, चेटूक दिसतं. सरकारी इनामाच्या शंभर रुपयांवर डोळा असलेला बुलदेव शिकारी आवई उठवतो आणि पोराला दगड मारून हाकलतात. आधी लांडग्यांनी टाकलेला, आता माणसांनीही. चित्रपटात या सगळ्या गावाची जागा शेवटी एका मुलीने घेतली आहे. ती पाणवठ्यावर येते, पाणी भरते, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत मुद्दाम हंडा घरंगळू देते आणि मोगली तो भरून तिच्या मागोमाग चालू लागतो. प्रसंग मोठा गोड आहे. मात्र दुसरा बैल मारायची गरज कोणाला पडत नाही, कारण मोगलीवर कोणाचं काही उरलेलंच नाही.

पण गाव गाळल्यामुळे आणखी एक गोष्ट गळून पडली, आणि ती गळली ते बरं झालं असं वाटण्याइतकी ती बोचरी आहे. किपलिंगचे गावकरी भोळसट, लोभी, बाहुलीगत. मेस्सुआला आणि तिच्या नवऱ्याला चेटकीण-चेटक्या ठरवून जाळायचं घाटतं, तेव्हा न्याय मिळतो कुठे? तर खन्हीवाड्याला, इंग्रजांकडे. जनावरांना कायदा कळतो, इथल्या माणसांना साहेबाने शिकवावा लागतो. मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला हा लेखक मराठी वाचकाला जवळचा वाटू लागतो न लागतो, तोच असा चिमटा काढतो. सगळ्यात शहाणा माणूस पुस्तकात क्षणभरच येतो: जंगल गावावर चालून आल्यावर सल्ल्यासाठी बोलावलेला गोंडांचा म्होरक्या. तो बोलत काहीच नाही. कारल्याचा एक वेल उचलून देवळाच्या दारावर आडवा टाकतो. गावकऱ्यांना कळायचं ते कळतं.

हे जंगल आपल्याला परकं नाही. नागपूरहून उत्तरेला निघालं की पुस्तकातली शिवनी दूर नाही. पुस्तकातली वैनगंगा तिथेच उगम पावते आणि पुढे भंडारा, गडचिरोलीकडे येते. शिवनीत किपलिंग गेल्याचा पुरावा नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बसून, इतरांच्या पुस्तकांवरून त्याने ते रान उभं केलं. त्याच्या एका कथेत रानकुत्र्यांची, आपल्याकडे ज्यांना कोळसून म्हणतात त्यांची, टोळधाड येते ती दख्खनहून, म्हणजे आपल्या बाजूने. नदीकाठच्या कड्यावरची आग्यामोहोळं उठवून मोगली त्यांना पाण्यात लोटतो. ही लढाई डिस्नेने घेतली नाही. योगायोग असा की त्याच १९६७ साली मॉस्कोच्या सोयुझमुल्टफिल्मने आपला 'मॉगली' सुरू केला. पाच भागांची ही मालिका १९७१मध्ये पुरी झाली, आणि तिच्यात कोळसुनांची लढाई आहे. बगीरा तिथे मादी आहे, आणि शोभते. आमच्या पिढीचा मोगली मात्र दोन्हींहून वेगळा. तो जपानी मालिकेतून, दूरदर्शनवर, हिंदी बोलत आला, आणि शेरखानला आवाज होता नाना पाटेकरांचा. जॉर्ज सँडर्सचा आवाज कितीही सरस असला, तरी माझ्या कानातला शेरखान नानांसारखाच गुरगुरतो. याला इलाज नाही.

मोगलीचं शेवटी काय होतं हे भाचीला हवं होतं. त्याचं उत्तर किपलिंगने दोन्ही पुस्तकांच्या आधीच, १८९३ साली, मोठ्यांसाठी लिहिलेल्या 'इन द रुख' या कथेत देऊन ठेवलंय. जाणता मोगली एका इंग्रज वनाधिकाऱ्याच्या रानात भेटतो, त्याचं जंगलाचं ज्ञान पाहून साहेब लोक थक्क होतात आणि त्याला वनरक्षकाची नोकरी देतात. दरमहा पगार, शेवटी पेन्शन. १८७८च्या वनकायद्याने ज्या सरकारने राना-रानातली माणसं उपरी ठरवली, त्याच सरकारचा हा चाकर. ज्याचा जीव एका बैलाच्या बदल्यात घेतला गेला, त्याचा दर आता महिन्याच्या महिन्याला ठरला. भाचीला एवढं सगळं सांगितलं नाही. फक्त नोकरीचं सांगितलं. तिने विचारलं, "आणि बगीरा कुठे होता तेव्हा?" त्या कथेत बगीरा नाहीच.