मामांचा परवाना

कोल्हापुरात पाहुणा आला, की त्याला न्यू पॅलेस दाखवावाच लागतो. तिथली पेंढा भरलेली जनावरे पाहून तो थक्क होतो. चित्त्यांकडून काळवीट धरण्याच्या संस्थानी शौकाची हकिकत ऐकली, की आणखीनच!

ऐंशी उलटलेले माझे मामा मात्र अशा वेळी गप्प असतात. त्यांच्या ट्रंकेत शिकारीचा जुना परवाना आहे. कोणते जनावर, किती, कोणत्या मुदतीत, सारे नोंदलेले. १९७२ च्या कायद्यानेही 'मोठी शिकार', 'लहान शिकार' असे परवाने ठेवले होते. ते १९९१ च्या दुरुस्तीने गेले.

यंदा मामांना दाजीपूरला नेले. संस्थानिकांच्या शिकारीचे हे रान १९५८ साली गव्यांसाठी राखले गेले. आज ते राधानगरी अभयारण्यात मोडते.

सकाळी पाणवठ्यावर गवा आला. काळेभोर धूड, पायांत जणू पांढरे मोजे. मामांचे उजवे बोट नकळत वाकले. लगेच त्यांनी मूठ मिटली.

"मामा, नेम चुकला नसता ना?"

"नेमाचं सोड रे," ते हळूच म्हणाले, "तेव्हा एवढा वेळ नुसतं बघत कोण बसलं होतं!"