उणे एकवीस

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात बाबांची दुसरी पाळी असली, की रात्री घरात दोघीच. आई आणि इंजिनिअरिंगला असलेली लेक. संगणकरचनेच्या विषयात ती एकदा नापास झाली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेपर. "या वेळीही गेले तर कॉलेज सोडते," ती रडवेली होऊन म्हणाली.

चपात्या लाटता लाटता आईने विचारलं, "अगं, आहे तरी काय त्यात?"

"शिकण्यापुरती सोपी केलेली यंत्राची भाषा. आकडे एकावर एक ठेवायचे. त्याला स्टॅक म्हणतात."

"म्हणजे चळत!"

'पुश' म्हटलं की आकडा वर ठेवायचा, 'पॉप' म्हटलं की वरचा उचलायचा. वजाबाकीला वरचे दोन उचलले जातात, खालच्यातून वरचा वजा होतो, उत्तर चळतीवर जातं. १९६१चं बरोज बी ५००० यंत्र असंच चाले, १९९५मध्ये आलेल्या जावाचं आभासी यंत्रही. एवढं पाठ होतं. पण १२ मधून ५ वजा करून ३ ने गुणलं, की लेकीचं उत्तर उणे २१!

मॅट्रिकनंतर शाळा सुटलेल्या आईने ताटं मांडली, त्यांत आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. "आधी ५ ठेवलेस, वर १२. मग पाचातून बारा जाणार नाहीत का? १२ खाली ठेव."

सात. त्यावर तीन. गुणाकार.

मध्यरात्रीनंतर बाबा आले. ताट घेतलं, तर त्यात चिठ्ठी.

"हे २१ कशाचे?"

"हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय तिचा."