दुसरा नंबर

आमच्या घरी शोकेसमध्ये सहा पदकं लटकवलेली आहेत. सहाही चांदीच्या रंगाची. पाहुणे यायचे असले की आई काच पुसून घेते आणि पाहुणे हमखास विचारतात, "सोन्याचं एकपण नाही?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण मी त्या वेळी चहाच्या निमित्तानं आत जाते.

ही पदकं माझी आणि दादाची, रोलर स्केटिंगची. बेळगावात स्केटिंग शिकणारी मुलं भरपूर, पण त्यातली बहुतेक शर्यतीची. आम्ही शर्यतीत नव्हतो. आम्ही चाकांवर जोडीनं नाचायचो. मी नऊ वर्षांची आणि दादा बारा वर्षांचा असताना सुरुवात केली. आमची रिंक उघड्यावरची, सिमेंटची. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जूनपासून गणपतीपर्यंत अर्धा सराव खराट्यानं पाणी लोटण्यातच जायचा. दादा पाणी लोटायचा, मी बेअरिंगं रॉकेलमध्ये धुऊन कागदावर वाळत घालायची.

राज्य स्पर्धेत सलग सहा वर्षं आमचा दुसरा नंबर आला. पहिला नेहमी बंगळूरच्या एकाच जोडीचा. ती दोघं आमच्यापेक्षा चांगली होती हे मला आज म्हणता येतं, तेव्हा येत नव्हतं. सातव्या वर्षी कळलं की त्यांनी खेळ सोडला. मला तर त्या रात्री झोप आली नाही. आता आपणच! आणि त्याच महिन्यात बाबांचं काम सुटलं आणि दादा आयटीआय संपवून उद्यमबागेत एका कारखान्यात लागला. "जमणार नाही गे आता," एवढंच म्हणाला. मी पंधरा वर्षांची होते. दुसरा जोडीदार मिळाला नाही, खरं सांगायचं तर मी शोधलाही नाही. दादाशी मी बोलत होते, पण स्केटिंग हा विषय आमच्या घरातून उठला तो उठलाच.

हे सगळं सांगायचं कारण मारिना क्लिमोवा.

गेल्या पावसाळ्यात मोबाइलवर जुन्या स्पर्धांच्या चित्रफिती बघायचा नाद लागला होता. बर्फावरचं नृत्य, म्हणजे आइस डान्स. आमच्या चाकांवरच्या नाचाची ही थोरली बहीण. त्यात १९९२ च्या आल्बर्टविल ऑलिंपिकमधला एक नाच सापडला. बाखचं संगीत, चार मिनिटं, सोव्हिएत संघातली जोडी : मारिना क्लिमोवा आणि सर्गेई पोनोमारेन्को. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा नाच कुठे संपला तेच कळलं नाही, इतका तो एका श्वासात जातो. सुवर्णपदक. मला वाटलं, असतात अशी माणसं, जन्मतःच पहिली. मग मी तिची आधीची वर्षं शोधत गेले आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून काढली.

तिचा जन्म १९६६ चा, उरल भागातल्या स्वेर्दलोव्स्क शहरातला. आता त्या शहराचं नाव येकातेरिनबुर्ग. पोनोमारेन्को तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, कझाकस्तानातल्या बाल्खाशचा. दोघं मॉस्कोत नाताल्या दुबोवा यांच्याकडे शिकत. १९८४ साली सारायेवोच्या ऑलिंपिकमध्ये ही जोडी उतरली तेव्हा मारिना सतरा वर्षांची होती. ते ऑलिंपिक सगळ्यांच्या लक्षात आहे ते इंग्लंडच्या जेन टॉरविल आणि क्रिस्टोफर डीन यांच्यासाठी. रॅव्हेलच्या 'बोलेरो'वर ती दोघं नाचली आणि कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी सहापैकी सहा गुण दिले. दुसऱ्या आल्या सोव्हिएत संघाच्याच नाताल्या बेस्तेम्यानोवा आणि आंद्रेई बुकिन. तिसरी ही जोडी. सतराव्या वर्षी ऑलिंपिकचं कांस्य! आमच्याकडे मिरवणूक काढली असती. त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं.

टॉरविल आणि डीन त्यानंतर व्यावसायिक झाले. म्हणजे वरची एक जागा रिकामी झाली. पण आता बेस्तेम्यानोवा-बुकिन पहिले झाले आणि ही जोडी सरकून दुसरी झाली. माझ्या वहीतलं पान असं दिसतं : १९८५ टोकियो, २. १९८६ जिनिव्हा, २. १९८७ सिनसिनाटी, २. १९८८ बुडापेस्ट, २. मध्ये १९८८ चंच कॅलगरी ऑलिंपिक, तिथंही २. पेन न उचलता लिहावं तसं हे लिहिलं गेलं. प्रत्येक वेळी वर तीच दोघं, तीही आपल्याच देशाची. वाजणारं राष्ट्रगीत आपलंच, पण आपल्यासाठी नाही.

इथं आइस डान्सबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ज्यांनी तो बघितला नाही त्यांना वाटतं, पडलं तो हरला, उंच उडाला तो जिंकला. जोडीचा दुसरा एक प्रकार आहे, त्यात पुरुष बाईला डोक्यावर उचलतो, लांब फेकतो. आइस डान्समध्ये ते चालत नाही. फेकणं नाही, मोठ्या उड्या नाहीत. त्या काळी तर खांद्याच्या वर उचलणंही मना होतं. सगळा हिशेब पायाखालच्या पात्याचा. पात्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची, आणि शरीर कुठल्या कडेवर किती कललं आहे, दोघांचा कल एकसारखा आहे की नाही, हे परीक्षक बघतात. स्पर्धेत आधी ठरवून दिलेले नाच असत : सगळ्या जोड्यांना तेच वॉल्ट्झ, तेच टँगो, त्याच पावलांनी, त्याच वाटेनं. बघणाऱ्याला कंटाळवाणं. पण ज्यांनी केलं आहे त्यांना ठाऊक, तिथं लपायला जागा नसते. आमच्यातही हे होतंच. चाकांना कडा नसल्या तरी बूट कलवावा लागतो आणि दोघांचे गुडघे एकाच वेळी वाकावे लागतात. एकाचा गुडघा पाव सेकंद उशिरा वाकला तर हातातून दुसऱ्याला लगेच कळतं. बघणाऱ्याला कळतं त्याच्या खूप आधी.

आणि गुण! तेव्हा गुणांची बेरीज होत नसे. प्रत्येक परीक्षक आपल्या गुणांवरून जोड्यांचे नंबर लावायचा आणि निकाल त्या नंबरांवरून. म्हणजे तुम्ही किती चांगले आहात हा प्रश्नच नसायचा, कुणापेक्षा चांगले आहात एवढंच.

१९८८ नंतर बेस्तेम्यानोवा आणि बुकिन निवृत्त झाले. हे वाचताना माझ्या पोटात कसंतरी झालं, कारण आमच्याही बंगळूरच्या जोडीनं असंच सोडलं होतं. क्लिमोवा-पोनोमारेन्को मात्र तिथंच उभे होते. १९८९ ला पॅरिसला जगज्जेते, १९९० ला हॅलिफॅक्सला पुन्हा. पाच वर्षं थांबून मिळालेला पहिला नंबर. इथं गोष्ट संपायला हवी होती.

पण आता खालून एक जोडी वर येत होती, फ्रान्सची. इझाबेल आणि पॉल ड्युशने, सख्खे बहीणभाऊ. मी हे वाचून उडालेच. बहीणभाऊ! टँगोमध्ये एकमेकांच्या डोळ्यांत रोखून बघायचं असतं, प्रेमात पडल्यासारखं. आम्ही बघितलं की दादाला हसू फुटायचं, मग मला, मग सर ओरडायचे. या दोघांनी त्यावर वेगळीच तोड काढली. प्रेमिकांचे नाच सोडून दिले. १९९१ साली म्युनिकला ते जगज्जेते झाले. त्यांचे नाच बसवून देणारा होता क्रिस्टोफर डीन, तोच सारायेवोचा. क्लिमोवा-पोनोमारेन्को परत दुसरे. म्हणजे सात वर्षांनंतरही हा गृहस्थ त्यांच्या वरच.

मला खरी ओढ आहे ती यापुढच्या वर्षाची. आल्बर्टविलला जेमतेम एक वर्ष उरलेलं. ऑलिंपिक फ्रान्समध्ये, म्हणजे ड्युशने घरच्या मैदानावर. मारिना पंचवीसला टेकलेली, तो एकतिसाव्या वर्षाकडे. अशा वेळी त्यांनी दुबोवांना सोडलं. आणि गेले कुणाकडे? तातियाना तारासोवांकडे. या तारासोवा म्हणजे बेस्तेम्यानोवा आणि बुकिन यांच्या गुरू. ज्यांच्या शिष्यांमुळे ओळीनं चार वर्षं दुसरा नंबर घेतला, त्यांच्याच दारात जाऊन उभं राहायचं. मला हे कधी जमलं असतं का? नाही. बंगळूरच्या त्या जोडीच्या सरांनी एकदा आमचं कौतुक केलं होतं, तर मी घरी येऊन रडले होते. मला ती दया वाटली.

त्याच हिवाळ्यात, डिसेंबर १९९१ मध्ये, सोव्हिएत संघ नावाचा देशच राहिला नाही. दीड-दोन महिन्यांनी ऑलिंपिक. तिथले खेळाडू 'युनिफाइड टीम' या नावानं उतरले. ड्युशने 'वेस्ट साइड स्टोरी'वर नाचले, त्या कथेतही एक भाऊ-बहीण आहेत. क्लिमोवा-पोनोमारेन्को बाखवर. सुवर्ण त्यांना, रौप्य ड्युशनेंना. झेंडा वर चढला तो ऑलिंपिकचा, गीत वाजलं तेही ऑलिंपिकचंच. कॅलगरीला दुसरे असताना राष्ट्रगीत होतं, आता पहिले आहेत तर देशच नाही. पण कांस्य, रौप्य, सुवर्ण असा तिन्ही रंगांचा संच ऑलिंपिकमध्ये पुरा करणारी फिगर स्केटिंगमधली ती पहिली जोडी. मार्चमध्ये ओकलंडला तिसऱ्यांदा जगज्जेते झाले आणि स्पर्धा थांबवल्या. पुढं दोघं कॅलिफोर्नियात राहिले, तिथंच शिकवू लागले. त्यांचा मुलगा अँथनी अमेरिकेकडून आइस डान्सच खेळतो. २०१८ च्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत त्याला आणि त्याच्या जोडीदारणीला रौप्य मिळालं. रौप्य! मी एकटीच मोठ्यानं हसले.

त्या हसण्यानं दादा उठला. रात्रपाळी करून दुपारी झोपला होता. "काय बघायलीस गे?" म्हणून कॉटच्या कडेला येऊन बसला. चार वर्षांत मी त्याच्यासमोर स्केटिंगचं काही लावलं नव्हतं. बंद करावं असं वाटलं, पण त्यानं मोबाइल हातात घेतला होता. आल्बर्टविलचा नाच सुरू होता.

मी त्याला सगळं सांगायला लागले. तिला आधी तिसरा नंबर मिळाला, मग तिचा पाच वेळा दुसरा, मग ती जिंकली, मग ती हरली, तिनं गुरू बदलला.

"आणि हा?" दादानं विचारलं.

"कोण?"

"हा. काळा बाप्या. हा काय करायला होता तेव्हा?"

मी गप्प. वही उघडून बघितली. पानाच्या डोक्यावर मी लिहिलं होतं : मारिना क्लिमोवा. खाली वर्षं आणि नंबर. पोनोमारेन्कोचं नाव पानावर कुठेच नव्हतं. या खेळात एकाला कधीच नंबर मिळत नाही, हे मी सहा वर्षं हातात हात घेऊन शिकले होते तरी.

दादा बघत राहिला. मी इतक्या वेळा बघितलं होतं, पण मी फक्त तिला बघितलं होतं. तो सर्गेईचे गुडघे बघत होता. "बघ, हा आधी वाकतो," म्हणाला. "तिला कळायच्या आधी. म्हणून ती अशी दिसते." मग थोडं थांबून, "तुझा उजवा पाय नेहमी उशिरा यायचा. मी तेवढा थांबायचो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? थांबलं की जुळायचं."

मला विचारायचं होतं ते मी शेवटी विचारलं. सातव्या वर्षी तुला वाईट वाटलं नाही का, की आता आपला नंबर होता? दादानं मान हलवली. दुसऱ्या नंबरचं मला कधीच फारसं काही वाटलं नाही, म्हणाला. तुला वाटायचं, तू बसमध्ये बेळगाव येईपर्यंत बोलायची नाहीस, म्हणून मग मला वाटायचं.

मी वहीत नावाच्या पुढं दुसरं नाव लिहिलं. जागा कमी होती, अक्षरं वर चढली. दादानं नाच पुन्हा सुरुवातीला नेला. खाली बाबांनी हाक मारली, पाणी आलंय, मोटर लावा म्हणून. आम्ही दोघंही लगेच उठलो नाही.